अकरा माणसांच्या घराला गरम पाणी

थंडी पडली की एकत्र कुटुंबात दिवसाचा पहिला तंटा मोरीच्या दारात होतो. पहिल्या पाळीला जाणाऱ्या थोरल्याला साडेपाचला निघायचे असते, शाळेच्या पोरांना सात वाजता बस असते, आजोबांना गार पाणी सोसत नाही, आणि घरात बाळंतीण असेल तर तिच्या पाण्याची वेगळी व्यवस्था. या सगळ्यांच्या आधी चार वाजता जी उठते तिचे नाव मात्र या रांगेत कुणी घेत नाही. ती धाकटी सून असते. सर्वांचे पाणी तापवून, स्वतः शेवटी उरलेल्या कोमट पाण्यावर भागवते. म्हणून घरात पाणी तापवण्याचे साधन घ्यायचे ठरले, तर दुकानात जाण्यापूर्वी पुरुष मंडळींनी तिला विचारावे, हे आमचे पहिले सांगणे.

आता हिशेब. माणशी पंधरा लिटरची एक बादली धरा. नागपूर-नाशिककडे हिवाळ्यात टाकीतले पाणी 20 अंशांच्या आसपास किंवा त्याहून गार असते, आणि अंगाला सोसेल असे पाणी साधारण 42 अंशांचे. तेवढे तापवायला विजेचे सुमारे 0.4 युनिट लागते. वाया जाणारी उष्णता धरून अर्धे युनिट म्हणा. अकरा माणसांना रोज साडेपाच युनिट, महिन्याला 165. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर शंभर युनिटांच्या पुढे चढतो हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. म्हणजे नुसत्या अंघोळीनेच घर वरच्या दरात जाते. दिवा, पंखा, टीव्ही पुढेच राहिला.

गॅसच्या शेगडीवर पातेले ठेवले तर एका बादलीला सुमारे 50 ग्रॅम गॅस जळतो. 14.2 किलोचे सिलिंडर अकरा माणसांच्या अंघोळीतच सव्वीस दिवसांत संपेल, स्वयंपाकाला वेगळे लागेल. गॅस गिझर यापेक्षा थोडा काटकसरीचा, बादलीला 40 ग्रॅमच्या आसपास. शिवाय नळ सोडताच गरम पाणी येते, कुणाला थांबावे लागत नाही. मोठ्या कुटुंबाला तो भुरळ घालतो ते यामुळेच.

पण भगिनींनो, इथे थोडे थांबा. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत बातम्या येतात: बाथरूममध्ये गेलेली मुलगी बाहेर आलीच नाही, दार तोडले तेव्हा निपचित पडलेली. लोक फिट आली म्हणतात, हृदयविकार म्हणतात. पुष्कळदा कारण वेगळे असते. बंद खोलीत गॅस गिझर जळू लागला की खोलीतला प्राणवायू कमी होतो, ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांची आग नाही. तो रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो. डोके जड होते, मळमळते, पाय लुळे पडतात. कडी काढायला हात उठत नाही. गिझर कितीही महाग असो, वर आयएसआयचा शिक्का असो, तो बाथरूमच्या आत बसवू नये. बाहेरच्या उघड्या गॅलरीत किंवा अंगणाकडच्या भिंतीवर बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी न्यावी. भाड्याच्या खोलीत मोरी घरातच असेल आणि बाहेर जागाच नसेल, तर गॅस गिझर घेऊच नये. दुकानदार म्हणेल, खिडकी आहे ना. थंडीत खिडकी उघडी ठेवून अंघोळ कोण करते? आणि कुणी असे आढळलेच तर दार-खिडक्या उघडून त्या माणसाला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि 108 ला फोन करावा.

हाच वायू कोळशाच्या शेगडीतूनही निघतो. बाळंतिणीच्या किंवा म्हाताऱ्यांच्या खोलीत ऊब म्हणून रात्री निखारे ठेवून दार लावण्याची जुनी पद्धत आहे. ती सोडून द्यावी. जाड गोधडी आणि पायमोजे बरे.

विजेची कांडी सर्वांत स्वस्त मिळते म्हणून घराघरांत दिसते. तिने धक्का बसून मेलेली माणसेही थोडी नाहीत. कांडी आधी पाण्यात सोडायची, मग बटण लावायचे. बटण बंद करून पिन उपसल्याशिवाय बोट बुडवून पाहायचे नाही. लहान मुले फिरतात अशा घरात ती मुळीच नको. साठवणीचा गिझर त्यापेक्षा सुरक्षित. पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा गिझर साधारण वीस मिनिटांत तापतो आणि त्यात गार पाणी मिसळून दोन माणसे न्हातात. तो नऊ अँपियरच्या आसपास वीज ओढतो, तेव्हा पंख्याच्या बारीक वायरवर तो चालवू नका. जाड तांब्याची वायर, 16 अँपियरचा प्लग, खरे अर्थिंग आणि 30 मिलिअँपियरचा गळती-रोधक स्विच, हे चार असल्याशिवाय वायरमनला पैसे देऊ नयेत.

स्वतःचे स्लॅबचे घर असेल, तर आमच्या मते सौर बंबासारखे दुसरे साधन नाही. 200 लिटरच्या टाकीत चांगल्या उन्हात 60 अंशांपर्यंत पाणी तापते. गार पाणी मिसळले की वीसेक बादल्या होतात. अकरा माणसे न्हाऊन भांड्यांनाही उरते. गार पाण्याची टाकी सौर टाकीपेक्षा उंचावर हवी, नाहीतर पाणी चढत नाही. बोअरचे जड पाणी असेल तर काचनळ्यांचा प्रकार घ्यावा, त्यात क्षाराने वाट बुजण्याचा त्रास कमी. गरम पाण्याला साधी पीव्हीसी नळी लावू नका, ती मऊ पडते. नळीत रात्रभर थंडावलेले पाणी आधी येते, ते कपड्यांच्या बादलीत धरावे. 2024 साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचे अनुदान वीज बनवणाऱ्या पॅनेलला आहे, पाणी तापवण्याच्या सौर बंबाला नाही. एजंट दोन्ही एकच म्हणून सांगतात, ते ऐकू नये. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांसाठी पंधरा लिटरचा विजेचा गिझर सोबत ठेवावा.

पत्र्याच्या घरात सौर टाकीचा भार पेलवत नाही. अंगण असेल तर तांब्याचा जुना बंब अजूनही वाईट नाही. काटक्या, करवंट्या, सुताराकडचे तुकडे त्यात चालतात. मात्र तो उघड्यावर पेटवावा, आणि तो पेटवण्याची पाळी घरातल्या तरण्या पोरांनी आठवड्याने वाटून घ्यावी. एकट्या बाईचा धूर तो का व्हावा?

आणखी एक: 60 अंशांच्या पाण्याने लहान मुलाची कातडी काही सेकंदांत पोळते. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. हे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवा.