जागा आहेत, पदवीधरही आहेत. मग अडते कुठे?

मोर्णेकाठच्या आमच्या जुन्या शहरात डी.एड., बी.एड. झालेल्या मुली-मुले जवळपास प्रत्येक मोहल्ल्यात भेटतात. कुणी शिकवण्या घेते, कुणी दुकानात बसते. दुसरीकडे उर्दू शाळांत शिक्षकांची पदे रिकामी असतात. आम्ही शिक्षक मंडळी दोन्ही बाजू रोज पाहतो. ही गाठ का पडत नाही, हे आई-वडिलांनी समजून घ्यायला हवे. कारण अकरावीला कोणती शाखा घ्यायची, हे घरातच ठरते.

पहिले कारण आपल्या हातातले नाही. सरकारी भरतीत अनुसूचित जातींना 13 आणि जमातींना 7 टक्के जागा राखीव असतात. उर्दू शाळेला मात्र उर्दूतून शिकलेला शिक्षक लागतो. 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, मुस्लिम आले नाहीत. जमातींना धर्माची अट नाही. जळगावकडचे तडवी भिल्ल मुस्लिम असून जमातीत मोडतात. पण उमेदवार उर्दूतून शिकलेला असेल तरच उपयोग. म्हणून या जागा रिकाम्या राहतात. कुणाचा हक्क काढून घ्यावा, असे आमचे म्हणणे नाही. उमेदवारच मिळाला नाही तर त्या जागेचे काय, याचा निर्णय वेळेत व्हावा, एवढेच.

पुढची कारणे आपल्या हातातली आहेत. पहिली ते आठवीला शिकवायचे तर टीईटी हवी. राज्यात ती 2013 पासून आहे. 150 पैकी 90 गुण लागतात, राखीव प्रवर्गाला थोडी सवलत असते. त्यानंतर 200 गुणांची अभियोग्यता चाचणी, आणि तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलमार्फत निवड. आपल्याकडे बी.एड.चा निकाल लागला की पुस्तक मिटते. खरे तर अभ्यास तिथून सुरू होतो.

विषयाचेही तसेच. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांचे शिक्षक वेगवेगळे लागतात. आमच्या मुलींच्या पदव्या बहुधा उर्दू आणि इतिहासाच्या. गणिताला भिऊन दहावीनंतर सोडलेली वाट पुढे नोकरीच्या दारात आडवी येते.

शेवटचा अडसर कागदांचा. बागवान, तांबोळी, अत्तार अशा अनेक बिरादऱ्या ओबीसीत आहेत. पण त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला आपण जाहिरात निघाल्यावर शोधतो, आणि जात पडताळणीला वेळ लागतो.

1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगितले. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आहे. चाळिशीतले आम्हीही आता पुन्हा विद्यार्थी झालो आहोत. काही घरांत अम्मी आणि बेटी एकाच परीक्षेचे पुस्तक वाचतात.

तेव्हा बहिणींनो, भावांनो, तीन कामे आजच हाती घ्या. मुलीला गणित-विज्ञान घ्यायचे असेल तर अडवू नका. जुने दाखले शोधून ठेवा. आणि पदवीनंतरची दोन वर्षे तिला अभ्यासाला द्या. रिश्ता तेवढा थांबू शकतो.