एन्कोडरची तार थेट संगणकाला जोडू नका

परभणी-परळी रेल्वेमार्गावरील पोखर्णीसारख्या गावातही लाकडावर नक्षी कोरणारे छोटे सीएनसी यंत्र कारागिरास आज स्वतः जुळविता येते. अशा हुनरमंद बांधवांना आम्ही एक सावधगिरी सुचवू इच्छितो.

मोटारीच्या मागे बसविलेला एन्कोडर, मोटार किती फिरली हे विजेच्या ठोक्यांनी संगणकास कळवितो. जुन्या संगणकाचा प्रिंटर पोर्ट ५ व्होल्टचा असतो. कारखान्यातले बरेच एन्कोडर मात्र २४ व्होल्टचे. तार थेट जोडली तर पोर्ट जळतो, कधी संगणकही. म्हणून मध्ये ऑप्टोकप्लर बसवावा. तो ठोका प्रकाशाने पुढे पोहोचवितो, वीज पुढे जाऊ देत नाही. मात्र तो वेगवान हवा. फेरीला १००० ठोके देणारा एन्कोडर, मोटार मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असता, सेकंदाला ५०,००० ठोके देतो. तेथे पीसी ८१७ हा स्वस्त भाग मागे पडतो, ६एन१३७ टिकतो.

केबल शील्डची घ्यावी, शील्डला एकाच टोकाला अर्थ द्यावा आणि ती मोटारीच्या तारांपासून दूर न्यावी. जोडणी वीज बंद करूनच करावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सर्व्हो मोटार चालू असता एन्कोडरची तार तुटली तर मोटार बेफाम धावू शकते. म्हणून लाल बटण संगणकाच्या भरवशावर ठेवू नये. त्याने मोटारीची वीज थेट तुटली पाहिजे. संगणक पुन्हा घेता येतो. कारागिराचा हात ही अल्लाहची अमानत आहे, ती जपावी.