मुक्या राखणदाराचे दात

बैल विकत घ्यायचा झाला, तर आपण आधी त्याचे तोंड उघडतो. दोन दाती आहे का चार दाती, ते बघतो. मगच पैशाचे बोलतो. पण दारात राखण करणाऱ्या कुत्र्याचे तोंड कोणी बघतो का? कणगीजवळचे उंदीर मारणाऱ्या मांजराचे दात कोणी बघतो का? त्यांचे तर सारे काम दातांवर चालते.

माणसाला 32 दात असतात. कुत्र्याला 42 आणि मांजराला 30 असतात. पिलांना आधी दुधाचे दात येतात. ते पडून सहा-सात महिन्यांत कायमचे दात येतात. हे दात एकदा गेले की पुन्हा येत नाहीत.

दात बिघडतात कसे? खाल्ल्यावर दातांवर चिकट थर बसतो. त्यात जंतू वाढतात. थोड्याच दिवसांत तो थर दगडासारखा घट्ट होतो. त्याला कीटण म्हणतात. कीटण हिरडीखाली शिरते. हिरडी सुजते, लाल होते, तिच्यातून रक्त येते. आतले हाड झिजते आणि दात हलू लागतो.

लोक म्हणतात, "कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच!" आम्ही सांगतो, तसे नाही. घाण वास हे रोगाचे लक्षण आहे. मुके जनावर दुखते म्हणून सांगत नाही. ते एकाच बाजूने चावते. घास तोंडातून खाली टाकते. भूक असून भाकरी सोडून देते. मांजर खाता खाता ओरडते, वाळत जाते. असे दिसले तर त्याला जनावरांच्या दवाखान्यात न्यावे. डॉक्टर भूल देऊन कीटण काढतात. घरी खिळ्याने खरवडू नये.

पिलू लहान असतानाच तोंडाला हात लावायची सवय करावी. बोटाला मऊ, ओले फडके गुंडाळावे. ओठ वर करून दात बाहेरून हळूच पुसावेत. रोज पुसले तर उत्तम.

मिश्री लावू नये. तंबाखू त्यांना विषासारखी आहे. आपली टूथपेस्टही लावू नये. ती ते गिळतात आणि त्यांना बाधते. शिजवलेली हाडे घालू नयेत. ती फुटून टोकदार होतात आणि घशात अडकतात. दगड आणून टाकायचा खेळ खेळू नये. त्याने दात तुटतात. आणि दुखते म्हणून आपली गोळी कधीच देऊ नये. तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. कुत्र्याची लाळ गळते आहे, जबडा लोंबतो आहे, त्याला गिळता येत नाही. आपल्याला वाटते, हाड अडकले असेल, काढू या. थांबा! तोंडात हात घालू नका. कुत्रा पिसाळलेला असू शकतो. या रोगाला रेबीज म्हणतात. त्याचे विषाणू लाळेत असतात. मांजरालाही हा रोग होतो. जनावराला दुरूनच कोंडा, मुलांना लांब ठेवा आणि जनावरांच्या डॉक्टरला कळवा.

चावले, ओरखडले किंवा जखमेवर लाळ लागली, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. मांत्रिकाकडे जाऊ नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. डॉक्टर सांगतील तितक्या वेळा ती पुरी घ्या. माणसाला एकदा रोगाची लक्षणे दिसू लागली की तो बहुधा वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर वाचतो.

कुत्र्यामांजरांनाही तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस टोचून घ्या. पुढची लस केव्हा, ते डॉक्टरांना विचारून घ्या. लस टोचलेले, सवयीचे जनावर असले म्हणजे त्याचा ओठ वर करून दात बघायला भीती राहत नाही.