वाचवलेल्या जहाजाचे वासे

घर फिरले की घराचे वासेही फिरतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. स्वीडनमध्ये ‘वासा’ नावाचे एक जहाजच आहे. नाव तिथल्या राजघराण्याचे, आपल्या वाशाशी त्याचे नाते नाही. पण त्याची हकिकत वाचल्यापासून ही म्हण माझ्या मनातून जात नाही.

१० ऑगस्ट १६२८ रोजी ६४ तोफांचे हे जंगी जहाज स्टॉकहोमहून पहिल्याच सफरीला निघाले आणि जेमतेम तेराशे मीटर जाऊन बुडाले. ३३३ वर्षे ते तळाशी होते. तिथल्या पाण्यात मीठ कमी, म्हणून लाकूड पोखरणारा सागरी किडा तिथे जगत नाही. १९६१ साली जहाज जवळजवळ अखंड वर आले. भिजलेले लाकूड सुकताना आकसते, तडकते. म्हणून पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखे द्रव्य पाण्यात विरघळवून सतरा वर्षे त्यावर फवारले. १९९० साली संग्रहालय उघडले. जहाज वाचले, असेच सर्वांना वाटले.

२००० सालचा उन्हाळा पावसाळी होता. ओल्या कपड्यांनी येणाऱ्या गर्दीबरोबर दमटपणा आत आला आणि लाकडावर आम्लधर्मी क्षारांचे थर उमटू लागले. बंदराच्या घाण पाण्यात प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंनी हायड्रोजन सल्फाइड तयार केले होते. त्यातले गंधक लाकडात मुरले. मूळ खिळे गंजून त्यांचे लोखंडही आत उतरले. हवा लागताच गंधकाचे सल्फ्युरिक आम्ल होऊ लागले, आणि लोखंडाने त्या क्रियेला जोर दिला. २००२ साली शास्त्रज्ञांनी अंदाज मांडला : गंधक सुमारे २ टन, त्यातून होऊ शकणारे आम्ल सुमारे ५ टन.

माझे आयुष्य बँकेत मुदत ठेवी मोजण्यात गेले. पण कोणी न मागता ठेवलेली आणि अशी व्याजासकट अंगावर येणारी ठेव मी पाहिली नव्हती. ज्या पाण्याने जहाज राखले, त्यानेच ती ठेवली!

मग २००४ साली हवेतला दमटपणा स्थिर ठेवणारी नवी यंत्रणा आली. २०११ ते २०१८ या काळात, साठच्या दशकात बसवलेले पण गंजू लागलेले पाच हजारांहून अधिक लोखंडी बोल्ट काढून न गंजणाऱ्या पोलादाचे घातले गेले.

माळ्यावरची आजोबांची पेटी खाली काढायला घरात सगळेच धावतात. दर पावसाळ्यानंतर तिला ऊन दाखवणारे हात मात्र थोडे. त्या दूरच्या वाशांना असे हात लाभले आहेत. त्यांचे काम कधी संपणार? जहाज आहे तोवर नाही.