तारेचे फेरे मोजणारी माणसे

गंगाखेडला गोदाकाठी सप्ताह बसला की कीर्तन मंडपाबाहेरच्या माणसालाही ऐकू यावे लागते. पूर्वी हे काम करणारी वॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरची पेटी खटका दाबताच बोलत नसे. काचेच्या नळीतली तार लाल होईपर्यंत अर्धा मिनिट थांबायचे, मग कर्ण्यातून घरघर येई आणि तिच्यामागून बुवांचा आवाज. या पेटीमागची माणसे कोण?

एक हॅरोल्ड ब्लॅक. २ ऑगस्ट १९२७ ला कामावर निघालेल्या या अभियंत्याने हडसन नदीवरच्या फेरीबोटीत वर्तमानपत्राच्या पानावर युक्ती खरडली: बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून पुन्हा आत सोडायचा, म्हणजे यंत्राने घातलेली भेसळ बरीच निघून जाते.

दुसरा डी. टी. एन. विल्यमसन. मार्कोनी-ओसराम वॉल्व्ह कंपनीत असताना या तरुणाने केलेला आराखडा ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकाने १९४७ च्या एप्रिल-मेमध्ये छापला. दोन केटी-६६ वॉल्व्ह, १५ वॉट, भेसळ ०.१ टक्क्याहून कमी. पण माझ्या मते त्याची खरी करामत वॉल्व्हमध्ये नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. आवाज वॉल्व्हकडून स्पीकरकडे जातो तो याच लोखंड-तांब्यातून. ब्लॅकच्या युक्तीने ट्रान्सफॉर्मरलाही कवेत घ्यायचे, तर त्याची वेटोळी एकमेकांत थराथराने गुंफावी लागतात; नाहीतर अॅम्प्लिफायर स्वतःच शिट्टी घालू लागतो. विल्यमसनने हे गुंडाळणेही तपशीलवार लिहून दिले, म्हणून जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी बांधला.

विल्यमसनला दिवाणखान्यातले संगीत निर्मळ हवे होते. आपल्याकडचा प्रश्न मैदानाचा होता. १९०९ मध्ये सक्करला धंदा सुरू करून पुढे मुंबईत आलेल्या ग्यानचंद मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’ने तो हाती घेतला. १९३१ च्या कराची काँग्रेसला त्यांचे कर्णे होते; गांधी-नेहरूंच्या जुन्या छायाचित्रांत माइकवर हेच नाव दिसते. १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात याच कंपनीचे नानिक मोटवाने आरोपी होते, ते निर्दोष सुटले. आवाज दूर नेणे ही तेव्हा जोखीम होती.

वीज न पोचलेल्या गावात पेटी बॅटरीवर चाले. वॉल्व्हला शेकडो व्होल्ट लागतात. म्हणून व्हायब्रेटर नावाची थरथरती पट्टी बॅटरीचा प्रवाह तोडत-जोडत राही आणि ट्रान्सफॉर्मर तो चढवी.

हा ट्रान्सफॉर्मर जळला तर? विहिरीवरच्या मोटारी भरणारे वाइंडिंगवाले परभणी, सेलू, जिंतूरला आजही आहेत. तीच इनॅमलची तार, तीच नजर. मी त्यांनाही या पेटीच्या रचनाकारांत धरतो, कारण जळक्या ट्रान्सफॉर्मरचा आराखडा त्याच्या पोटातच वाचावा लागतो. एकेक थर सोडवायचा, फेरे मोजून वहीत लिहायचे, गेजने तारेची जाडी पाहायची, नवे थर देताना मध्ये कागद घालायचा. शेवटी टोके डागून पेटी चालू करायची आणि अर्धा मिनिट थांबायचे.