दहावा नंबर आणि एकसष्ट हजार माणसं

तुमच्या कॉलेजजवळच्या टर्फवर संध्याकाळी एक चक्कर मारा आणि जर्सी मोजा. रिअल माद्रिद, मँचेस्टर सिटी, लिव्हरपूल, बार्सिलोना. मेस्सी मायामीला गेल्यापासून गुलाबी जर्सीही दिसायला लागल्यात. शाल्के ०४ या जर्मन क्लबची निळी जर्सी दिसली का कुठे? नाही ना? दिसणारही नाही. हरणाऱ्या टीमची जर्सी कोण कशाला घेईल?

आता दुसरी गोष्ट ऐका. हा शाल्के २०२३-२४ च्या सीझनमध्ये जर्मनीच्या सेकंड डिव्हिजनमध्ये खेळला. तिथेही नंबर आला दहावा. ३४ मॅचेसपैकी १२ जिंकल्या, ७ बरोबरीत सुटल्या आणि १५ हरल्या. आणि तरीही त्यांच्या घरच्या मैदानावर दर मॅचला सरासरी ६१ हजारांहून जास्त माणसं येत होती. स्टेडियमची क्षमता आहे ६२ हजारांच्या थोडी पुढे. म्हणजे सीझनभर हाऊसफुल्लच समजा.

टीम रडवतेय आणि स्टेडियम भरतंय. हे काय गणित आहे?

शेवटचा नंबर आला तर काय होतं?

२०२४ च्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सचाही नंबर दहावा आला. म्हणजे शेवटचा. वानखेडेवर आपल्याच कॅप्टनला आपल्याच लोकांनी हूटिंग केलं, मीम्स झाले, शिव्या झाल्या. पण पुढच्या वर्षी मुंबई इंडियन्स आयपीएलमध्ये असणार की नाही, असा प्रश्न कुणाला पडला का? नाही. टीम कितीही हरली तरी तिची खुर्ची पक्की असते.

जर्मनीत तसं नाही. तिथल्या फर्स्ट डिव्हिजनमध्ये, म्हणजे बुंडेसलिगामध्ये १८ टीम असतात. शेवटच्या दोन थेट खालच्या डिव्हिजनमध्ये जातात. खालून तिसऱ्या नंबरच्या टीमला सेकंड डिव्हिजनमधल्या तिसऱ्या नंबरच्या टीमशी दोन मॅचेस खेळून आपली जागा वाचवावी लागते. सेकंड डिव्हिजनमधून थर्ड डिव्हिजनमध्ये जायचा रस्ताही असाच. याला म्हणतात रेलिगेशन. आणि रेलिगेशन म्हणजे नुसता अपमान नाही. टीव्हीचे पैसे कमी होतात, स्पॉन्सर भाव पाडून मागतात, चांगले प्लेअर बॅग भरतात. एक सीझन वाईट गेला की पुढचे चार सीझन त्याची किंमत मोजायची.

शाल्केने तेच केलं.

वर जाऊन खाली कसे आले?

हा काही गल्लीतला क्लब नाही बरं. सात वेळा जर्मन चॅम्पियन, १९९७ मध्ये युएफा कप, २०११ मध्ये चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल. मॅन्युएल नॉयर, मेसुत ओझिल, लिरॉय साने ही सगळी पोरं इथल्या अॅकॅडमीतून पुढे आली. अगदी २०१८ मध्येही शाल्के बुंडेसलिगामध्ये दुसऱ्या नंबरवर होतं.

मग घसरण सुरू झाली. ती फक्त मैदानावर झाली नाही, हिशेबाच्या वहीत आधी झाली. चॅम्पियन्स लीगचे पैसे दरवर्षी येणारच, असं धरून खर्च झाला. त्यात आपले हिरे फुकटात गेले. योएल मातिप २०१६ मध्ये लिव्हरपूलला, कोलाशिनाक २०१७ मध्ये आर्सेनलला, गोरेट्झका २०१८ मध्ये बायर्नला. तिघांचंही कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं, त्यामुळे शाल्केच्या हाती एक युरो आला नाही. मग कोविड आला, स्टेडियम रिकामी झाली. जानेवारी २०२० ते जानेवारी २०२१ या काळात शाल्केला बुंडेसलिगाच्या सलग ३० मॅचेसमध्ये एकही विजय मिळाला नाही. ३१ मॅचेसचा नकोसा रेकॉर्ड टास्मानिया बर्लिनच्या नावावर १९६६ पासून आहे, तो मोडता मोडता राहिला. त्या एका सीझनमध्ये पाच कोच झाले. २०२१ मध्ये टीम खाली गेली.

२०२२ मध्ये सेकंड डिव्हिजन जिंकून परत वर आली. त्याच वर्षी रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर क्लबने गॅझप्रॉम या रशियन कंपनीचं नाव जर्सीवरून काढून टाकलं. १५ वर्षांचा सगळ्यात मोठा स्पॉन्सर एका फटक्यात गेला. निर्णय बरोबर होता, पण तिजोरीला भोक पडलंच. २०२३ मध्ये शेवटच्या दिवशी लाइपझिगकडून ४-२ अशी हार आणि पुन्हा खाली.

परत येऊ म्हणाले आणि...

यावेळी सगळ्यांना वाटत होतं, एक वर्षाचा प्रश्न आहे, लगेच वर येऊ. पहिलीच मॅच हॅम्बुर्गमध्ये. हॅम्बुर्ग ५, शाल्के ३. त्या मॅचमध्ये असान ऊएद्राओगो नावाच्या १७ वर्षांच्या पोराने पदार्पणातच गोल केला, तेवढंच समाधान. बारावीतल्या वयाचं पोरगं, आणि सगळ्या शहराची आशा त्याच्या खांद्यावर.

सप्टेंबर संपायच्या आत कोच थॉमस राइस यांना काढलं. ऑक्टोबरमध्ये बेल्जियमचे कारेल गेराएर्ट्स आले. हरणं थांबलं नाही, फक्त थोडं कमी झालं. हिवाळा संपला तरी चर्चा वर जाण्याची नव्हतीच, थर्ड डिव्हिजनमध्ये तर जाणार नाही ना, याची होती. क्लबवरचं कर्ज १६ कोटी युरोंच्या पुढे. आपल्या पैशांत चौदाशे कोटींहून जास्त. जर्मनीत दरवर्षी क्लबचे हिशेब तपासून लायसन्स दिलं जातं. एवढं कर्ज डोक्यावर घेऊन तिसऱ्या पायरीवर उतरलं, तर १२० वर्षांचा हा क्लब टिकेल का, हा प्रश्न तिकडे उघडपणे विचारला जात होता.

शेवटी टिकले. ४३ पॉइंट्स. अगदी तेवढेच पॉइंट्स एल्फर्सबर्ग नावाच्या क्लबचेही होते. एल्फर्सबर्ग जिथे आहे त्या गावाची लोकसंख्या १५ हजारसुद्धा नाही! अख्खं गाव शाल्केच्या स्टेडियममध्ये बसवलं तरी तीन-चतुर्थांश खुर्च्या रिकाम्या राहतील. पॉइंट्स टेबलला खुर्च्या दिसत नाहीत. आणि वरच्या डिव्हिजनमध्ये? तिथे जेमतेम ५० हजार वस्तीच्या हायडनहाइमची टीम पहिल्याच सीझनमध्ये आठवी आली. शेजारी, तीसेक किलोमीटरवर डॉर्टमुंड. शाल्केचा जन्माचा वैरी. तो १ जूनला वेम्बलीवर चॅम्पियन्स लीगची फायनल खेळला. रिअल माद्रिदकडून हरला, पण खेळला तर खरा. शाल्केच्या पोरांनी ती मॅच कशी बघितली असेल, विचार करा.

तरी माणसं का येतात?

त्यासाठी गेल्सेनकिर्शन हे शहर समजून घ्यायला हवं. शाल्के हा या शहराचा एक भाग. हा सगळा कोळशाच्या खाणींचा पट्टा. १९०४ मध्ये शाळकरी वयाच्या पोरांनी क्लब काढला आणि तो खाणकामगारांचा क्लब झाला. आजही टीमचं टोपणनाव ‘क्नापेन’, म्हणजे खाणकामगार. मॅचच्या आधी अख्खं स्टेडियम खाणकामगारांचं जुनं गाणं म्हणतं. प्लेअर ज्या बोगद्यातून मैदानावर येतात, तो खाणीतल्या बोगद्यासारखा बनवलाय.

पण खाणी आता नाहीत. जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये शेजारच्या बॉट्रोपमध्ये बंद झाली. एकेकाळी चार लाखांच्या घरात गेलेली गेल्सेनकिर्शनची वस्ती आता पावणेतीन लाखांच्याही आत आहे. बेरोजगारीत हे शहर देशात वरच्या नंबरांमध्ये असतं. आजोबांची खाण गेली, बाबांचा कारखाना गेला. राहिलं काय? शनिवारची मॅच.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. हा क्लब कुणा शेठचा नाही. शाल्के अजूनही नोंदणीकृत संस्था आहे, दीड लाखांहून जास्त सभासदांची. एका सभासदाला एक मत. जर्मनीत ‘५०+१’ नावाचा नियम आहे, त्यानुसार क्लबमधली बहुमताची मतं सभासदांच्याच हातात राहावी लागतात. बहुतेक क्लबांनी फुटबॉलसाठी वेगळी कंपनी काढली, शाल्केने तेही केलं नाही. म्हणजे तिथला फॅन ‘कस्टमर’ नाही, घरचा माणूस आहे. आणि घर गळायला लागलं म्हणून कुणी दुसऱ्याच्या घरी राहायला जात नाही.

ही घरची माणसं भांडतातही. डिसेंबर २०२३ मध्ये जर्मन लीगने एका बड्या गुंतवणूकदाराला टीव्ही हक्कांच्या कमाईत वाटा द्यायचं ठरवलं. ३६ पैकी २४ क्लबांनी हो म्हटलं. मग दोन्ही डिव्हिजनच्या स्टेडियममध्ये फॅन्स पहिली १२ मिनिटं गप्प बसायला लागले, मैदानावर टेनिस बॉल आणि चॉकलेटची नाणी फेकायला लागले. मॅचेस थांबल्या. २१ फेब्रुवारीला लीगने माघार घेतली. आपल्याकडे आयपीएलचे तिकीटदर वाढले की आपण काय करतो? स्टोरी टाकतो.

प्रेमाची काळी बाजूही सांगायला हवी. एप्रिल २०२१ मध्ये टीम खाली गेली त्या रात्री बस परतली, तेव्हा काही फॅन्सनी आपल्याच प्लेअर्सवर अंडी फेकली, त्यांचा पाठलाग केला, मारायला धावले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. ‘आमचा क्लब’ म्हणणं वेगळं आणि ‘आमच्या मालकीची माणसं’ समजणं वेगळं. वानखेडेच्या हूटिंगमध्येही ही रेषा धूसरच होती की.

चार मिनिटांचे चॅम्पियन

शाल्केच्या फॅन्सना हरायची सवय आहे, असं कुणी म्हणेल. तर १९ मे २००१ची गोष्ट ऐका. लीगचा शेवटचा दिवस. शाल्केने आपली मॅच ५-३ अशी जिंकली. तिकडे हॅम्बुर्गमध्ये बायर्न एक गोलने मागे. १९५८ नंतर पहिल्यांदा चॅम्पियन! लोक मैदानात उतरले, रडले, नाचले. आणि चारेक मिनिटांनी, हॅम्बुर्गच्या इंज्युरी टाइममध्ये पॅट्रिक आंडरसनने बायर्नसाठी गोल केला. ट्रॉफी बायर्नची. शाल्केला तेव्हापासून ‘मनातले चॅम्पियन’ म्हणतात. ती चार मिनिटं तिथले बाप आजही पोरांना सांगतात.

मला वाटतं, उत्तर इथेच कुठेतरी आहे. आपण बहुतेक जण टीम निवडतो ती मोबाइलवर, आणि निवडतो जिंकणारीच. त्यात चूक काही नाही. पण जिंकण्यासाठी निवडलेली टीम हरली की आपल्याकडे तिच्यासोबत राहायला कारणच उरत नाही. गेल्सेनकिर्शनच्या पोरांनी टीम निवडलेलीच नसते, ती त्यांना मिळालेली असते. आडनावासारखी.

१४ जून २०२४ पासून जर्मनीत युरो कप झाला. जर्मनीचा तेव्हाचा कॅप्टन इल्काय गुंडोआन आणि तेव्हाचा गोलकीपर मॅन्युएल नॉयर, दोघांचाही जन्म गेल्सेनकिर्शनचा. शाल्केच्या स्टेडियमवर १६ जूनला सर्बिया-इंग्लंड, २० जूनला स्पेन-इटली अशा मॅचेस झाल्या. दोन्ही मॅचेस आपल्याकडे त्या रात्री साडेबाराला लागल्या. जुलैमध्ये १७ ते १९ तारखेला त्याच मैदानावर टेलर स्विफ्टच्या तीन कॉन्सर्ट झाल्या. जग महिनाभर तिथे आलं, फोटो काढले, निघून गेलं.

आणि ऑगस्टमध्ये सेकंड डिव्हिजन पुन्हा सुरू झाली. टीम कशी खेळेल, देव जाणे. साठ हजार माणसं मात्र येतील.