वर्धेवरचा सुरय आणि त्याचे समुद्राकडचे सोयरे

राजुऱ्याहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरी समुद्रपक्ष्यांच्या कुळातला एक पक्षी उन्हाळ्यात इथल्या नदीच्या रेतीवर संसार मांडतो. कोकणातले दीपगृह पाहायला हौसेने जाणाऱ्यांनी आधी त्याची ओळख करून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

वर्धेचे पाणी कुठे जाते

राजुऱ्याजवळून वाहणारी वर्धा पुढे चपराळ्याजवळ वैनगंगेला मिळते. दोघींची प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. गोदावरीची वसिष्ठा शाखा आंध्र प्रदेशात अंतर्वेदीला बंगालच्या उपसागराला मिळते. तिथे नरसिंहाचे देऊळ आहे आणि दीपगृहही.

नदी सुरय

राखाडी पाठ, पिवळी चोच, लाल पाय, दुभंगलेली लांब शेपटी. विणीच्या दिवसांत डोक्यावर काळीभोर टोपी. पाण्यावर संथ उडता उडता हा पक्षी मासा हेरतो आणि चोच खाली करून सूर मारतो. सुरय आणि समुद्रावरचे कुरव एकाच कुळातले. याच कुळातला आर्क्टिक सुरय उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे आणि परत असा वर्षाला सुमारे 70,000 कि.मी. प्रवास करतो. आपला सुरय मात्र नदी, तलाव धरून राहणारा.

मार्च ते मे हा त्याच्या विणीचा मुख्य काळ. घरटे म्हणजे रेतीतला उथळ खळगा. काडी नाही, कापूस नाही. त्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी, रेतीशी इतकी एकरूप की पायाजवळ असूनही दिसत नाहीत. चंद्रपूरचा पारा सत्तेचाळीसवर जातो तेव्हा उघडी अंडी शिजायला वेळ लागत नाही. म्हणून आई-बाप आळीपाळीने त्यांच्यावर सावली धरतात. पोटाची पिसे नदीत भिजवून येतात आणि त्या ओलाव्याने अंडी गार ठेवतात. एवढ्याशा जिवाची ही धडपड पाहिली की मान आपोआप लवते.

खडकावरचे सोयरे

सिंधुदुर्गात वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकाळ बेटे आहेत. तिथे दीपगृह आहे आणि समुद्री सुरयांची वीणही होते. कारण साधे आहे: चहूबाजूंनी पाणी असले की कुत्रा, कोल्हा पोचत नाही. दीपगृहालाही अनेकदा असाच एकाकी, उंच खडक लागतो, म्हणून या दोघांची गाठ जगभर पडते. अलिबागजवळच्या खांदेरी किल्ल्यावरचे दीपगृह 1867 सालचे. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी ठेवलेली असते. सेकंद मोजून खलाशी आपण कुठे आहोत ते ओळखतो.

रेतीचे बेट

नदी सुरयालाही चहूबाजूंनी पाणीच हवे. त्याचे बेट मात्र रेतीचे. रेतीचा बेसुमार उपसा झाला की ते नाहीसे होते. पाणी आटले की बेट काठाला जुळते. मग कुत्री, गुरे थेट घरट्यापर्यंत येतात. धरणातून अवेळी पाणी सोडले तर अंडी वाहून जातात. जागतिक लाल यादीत 2020 पासून हा पक्षी असुरक्षित म्हणून नोंदला आहे. माझ्या मते विणीच्या तीन महिन्यांत अशा बेटांवरचा उपसा पूर्ण थांबलाच पाहिजे.

नदीवर गेल्यावर

दुर्बीण काठावरूनच लावावी, बेटावर उतरू नये. सोबतचे कुत्रे मोकळे सोडू नये. एखादा सुरय डोक्यावर कर्कश ओरडत झेपावू लागला, तर अंडी किंवा पिल्ले जवळच आहेत असे समजावे आणि पायाखाली बघत, आल्या वाटेने लगेच मागे फिरावे. आपण तिथे असेपर्यंत तो अंड्यांवर परत बसत नाही.